तारेचा पूल आणि नाँगथिम्माई गाव: सोहऱ्याजवळची अर्ध्या दिवसाची पायवाट

मेघालयात जाणारी बहुतेक मराठी मंडळी नाँगरियाटच्या, जिवंत झाडाची मुळं विणून केलेल्या दुमजली पुलाचा फोटो बघून निघतात आणि तिर्ना गावातल्या पहिल्या पायरीवर उभं राहून विचारतात, "किती पायऱ्या आहेत?" नाँगरियाटपर्यंत एका बाजूच्याच साधारण साडेतीन हजार. तेवढ्याच चढून परत यायचं. बरोबर आई-वडील, आठ-दहा वर्षांची मुलं किंवा कुरकुरणारे गुडघे असतील तर हा आकडा ऐकूनच अर्धा गट गाडीत बसून राहतो. तसं करायची गरज नाही. याच वाटेवर एक छोटी फेरी होते: तिर्नाहून उतरून नाँगथिम्माई गाव, तिथला रिटिम्मेनचा मुळांचा पूल, पुढे पहिला तारेचा झुलता पूल आणि तिथून परत. चार ते साडेपाच तास पुरतात. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी हीच फेरी योग्य आहे, कारण यात गाव बघायला सवड मिळते. दुमजली पुलाच्या घाईत निघालेले लोक नाँगथिम्माईतून मान खाली घालून निघून जातात.

कधी जायचं, कुठे राहायचं

सोहरा म्हणजे आपण शाळेत शिकलेलं चेरापुंजी. गुवाहाटीहून शिलाँग साधारण १०० किलोमीटर, शिलाँगहून सोहरा साधारण ५५. शिलाँगच्या बडाबाजाराकडून सोहऱ्याला वाटणीच्या सुमो मिळतात, पण आदल्या रात्रीचा मुक्काम सोहऱ्यात किंवा तिर्नाच्या आसपासच करा. शिलाँगहून पहाटे निघून तिर्नाला पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात आणि तोवर पुलांवर गर्दी सुरू झालेली असते. सकाळी सातला पहिल्या पायरीवर असाल तर सगळा दिवस सोपा जातो.

सातचा आग्रह आणखी एका कारणासाठी. ईशान्येकडे सूर्य आपल्याआधी मावळतो, पण घड्याळ तेच असतं. डिसेंबरात मुंबईत सहाला सूर्यास्त, तर इथे साडेचारच्या सुमाराला. दरीत ऊन त्याहून लवकर जातं. "अजून चारच वाजलेत" असं म्हणत खाली रेंगाळणारा माणूस शेवटच्या हजार पायऱ्या मोबाइलच्या उजेडात चढतो, आणि पडण्याचे प्रसंग तिथेच जास्त येतात.

ऑक्टोबर ते एप्रिल हा बरा काळ. जून ते सप्टेंबर टाळा. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत सोहऱ्यात २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तो विक्रम अजून टिकून आहे. नेहमीच्या वर्षीही महाबळेश्वरच्या साधारण दुप्पट पडतो. त्या दिवसांत पायऱ्यांवर शेवाळ, वाटेत जळवा आणि ओढ्यांना अचानक येणारं पाणी, या तिन्हींशी एकदमच गाठ पडते.

रविवारही शक्यतो टाळा. इथली बहुतेक कुटुंबं ख्रिस्ती आहेत. सकाळी चर्च असतं, दुकानं बंद असतात आणि वाटाड्या मिळणं कठीण जातं. मेघालयात जायला भारतीयांना इनर लाइन परमिट, म्हणजे सरकारी प्रवेश परवाना, लागत नाही, साधं ओळखपत्र पुरतं.

वाटाड्या कशासाठी

पायऱ्या बांधीव आहेत, फाट्यांवर पाट्याही आहेत, त्यामुळे वाट चुकेल म्हणून वाटाड्या घ्यायचा नसतो. तो लागतो तीन गोष्टींसाठी. कोणत्या पायरीवर शेवाळ आहे, कोणता पूल आज दुरुस्तीसाठी बंद आहे, काल रात्री वर किती पाऊस झाला हे त्याला माहीत असतं. गावात एखाद्या घरापुढे थांबायचं तर तो खासी भाषेत दोन शब्द बोलतो आणि तुम्ही परके राहत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या दरीत गाडीरस्ता नाही. कुणाचा पाय मुरगळला तर त्याला माणसांनीच उचलून वर आणावं लागतं, आणि ती माणसं गोळा करणं परक्याला जमत नाही.

तिर्नाच्या गाडीतळाजवळच गावातले वाटाडे भेटतात. निघण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोला: फेरी कुठपर्यंत, किती तासांची, पैसे गटाचे की माणशी, आणि सामान उचलायचं असेल तर त्याचे वेगळे किती. "डबल डेकर नाही, नाँगथिम्माई आणि पहिला वायर ब्रिज" असं सरळ सांगा, नाहीतर तो सवयीने पुढच्या वेगाने चालू लागेल. सहा-आठ जणांमागे एक वाटाड्या असावा. पंधरा जणांत एकच असेल तर तो पुढच्या उत्साही मंडळींबरोबर जातो आणि त्याची गरज असलेली माणसं मागे राहतात. रोख पैसे, त्यातही दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा बरोबर ठेवा. खाली नेटवर्क असेलच असं नाही आणि पुलांची प्रवेश वर्गणी गावकरी रोखीने घेतात.

बरोबर काय

माणशी दीड ते दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, टोपी, हलका रेनकोट, एक कोरडा शर्ट आणि एक टॉर्च. परतताना फेरी दिवसाउजेडी संपणार असली तरी टॉर्च हवाच. पिशवी पाठीवरच घ्या. खांद्याला एका बाजूने लोंबणारी पर्स किंवा कॅमेऱ्याची बॅग तारेच्या पुलावर झोके खाते आणि तुमचा तोल सोबत नेते. बूट रबरी तळव्याचे, नक्षी न झिजलेले हवेत. नवे कोरे बूट आणू नका. उतारावर बोटं पुढे घासून नखं काळीनिळी पडतात, म्हणून आदल्या दिवशी पायाची नखं कापा आणि उतरायला लागण्यापूर्वी बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधा.

तिर्नाला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात. घ्याच. काठी टेकवून उभं राहिल्यावर कोपर काटकोनात यायला हवं. उतारासाठी चार-पाच सेंटिमीटर लांब असली तर आणखी बरं.

उतार

तिर्नाहून नाँगथिम्माईपर्यंतचा उतार साधारण पाऊण ते एक तासाचा आणि या फेरीतला सगळ्यांत तीव्र टप्पा हाच. दम लागत नाही म्हणून लोक भराभर उतरतात. फसवणूक इथेच होते. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन रोखून धरतो. हजारेक पायऱ्यांनंतर तो थकतो आणि उभं राहिलं की पाय लटलट कापायला लागतात. हे कापणं म्हणजे इशारा. त्या पायांनी झुलत्या पुलावर जायचं नसतं.

म्हणून दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं थांबा. आधी काठी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाय. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा. पायऱ्या अरुंद वाटल्या तर अंग थोडं तिरपं करून उतरा आणि बाजू बदलत राहा. गुडघा दुखणाऱ्याने दुखरा पाय आधी खाली टाकायचा, चढताना धड पाय आधी वर. ओल्या दगडावर मधली झिजलेली गुळगुळीत जागा टाळून कडेला पाय द्या, पण कडेला हिरवट शेवाळ दिसलं तर मधूनच चला.

समोरून पाठीवर शंकूच्या आकाराची बांबूची टोपली घेऊन, तिचा पट्टा कपाळावर अडकवून कुणी येताना दिसलं तर डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्या. त्या टोपलीला खोह म्हणतात. गावातला तांदूळ, सिमेंट, गॅसची टाकी, सगळं याच पायऱ्यांनी माणसाच्या पाठीवर येतं. ओझं घेतलेल्या माणसाची लय मोडली तर पुन्हा चाल धरायला त्याला त्रास होतो, म्हणून थांबायचं ते आपण.

नाँगथिम्माईत

गाव छोटं आहे, उतारावरची घरं, मधून दगडी पायवाट. भोवती सुपारीची झाडं, फणस, तमालपत्राची झाडं. कोकणातल्या माणसाला पोफळीच्या बागेत आल्यासारखं वाटेल, फक्त इथे बाग डोंगराच्या उभ्या कडेला टांगलेली असते. तमालपत्र आणि सुपारी विकून इथल्या घरांत रोख पैसा येतो. वाटेच्या कडेला झाडूच्या गवताच्या पेंढ्या वाळत घातलेल्या दिसल्या तर त्यावरून चालू नका.

भेटणाऱ्या बाईला "कोंग" आणि पुरुषाला "बाह" म्हणा. आपल्या ताई आणि दादासारखे हे मानाचे शब्द आहेत. "खुब्लेई" हा एकच शब्द नमस्काराला आणि आभाराला चालतो. हिंदी सगळ्यांना येतेच असं नाही, तरुण मुलांशी बऱ्याचदा इंग्रजी जास्त सोपं जातं. खासी समाजात कूळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर साधारणपणे धाकट्या मुलीकडे जातं. म्हणून दुकानात किंवा घरात पैशाचं बोलणं बाईशी करा. "घरातल्या पुरुषाला बोलवा" असं म्हणणं इथे वावगं आहे. फोटो काढण्याआधी विचारा. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नकोत, आणि मुलांना चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर दुकानातून लिंबूपाणी, अननस किंवा तमालपत्राची जुडी विकत घ्या, तो पैसा गावातच राहतो.

कुणी क्वाई देईल. म्हणजे ओली सुपारी, विड्याचं पान आणि चुना. तिथल्या पाहुणचाराची ती सुरुवात असते. पण आपल्याकडच्या भाजक्या सुपारीची सवय असलेल्यालाही ती चढते: कान गरम होतात, घाम फुटतो, थोडं गरगरतं. चाखायची असेल तर परतून वर पोचल्यावर. पुलाच्या आधी तर मुळीच नाही. हाताने छातीला स्पर्श करून "खुब्लेई" म्हणत नाकारलं तर कुणी रागवत नाही.

रिटिम्मेनचा मुळांचा पूल

गावातून फाट्याने खाली उतरलं की हा पूल लागतो. लांबी तीस मीटरच्या आसपास. भारतीय रबराच्या झाडाची, म्हणजे वडाच्याच कुळातल्या झाडाची पारंब्यांसारखी मुळं पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेतात. ती पलीकडच्या मातीत रुजली की जाड होत जातात, त्यात नवी मुळं विणली जातात, फटींत दगड-माती भरतात. चालण्याजोगा पूल व्हायला पंधरा-वीस ते तीस वर्षं लागतात. लावणारा बहुधा पुढच्या पिढीसाठीच लावतो. या दमट हवेत बांबू काही वर्षांत कुजतो, लोखंड गंजतो, मूळ मात्र दरवर्षी भक्कम होतं. मेघालयातल्या या पुलांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं.

त्यावर चालताना दगड बसवलेल्या मधल्या पट्ट्यावरूनच चला. कठड्यातून लोंबणारी पेन्सिलीएवढी कोवळी मुळं ओढू नका, त्यांना लटकू नका. ती उद्याचा कठडा आहेत. टोक तुटलं की त्या मुळाची पुढची वाढ तिथेच थांबते. गावाने एका वेळी किती माणसं हे सांगितलं असेल तर तेवढीच. पुलाच्या मध्ये उभं राहून गटाचा फोटो काढायचा मोह आवरा आणि तो काठावरून काढा. तिथून पूलही दिसतो.

पुढे जायचं की नाही

रिटिम्मेनहून गावात परत आल्यावर दहा मिनिटं बसा आणि उभे राहा. कुणाचे पाय कापत असतील तर त्या माणसाची फेरी इथे पुरी झाली. बरोबर एक जण ठेवा, त्यांना दुकानाजवळ बसू द्या. घड्याळात साडेदहाच्या आत असाल, पाणी निम्म्याहून जास्त शिल्लक असेल आणि वर काळे ढग नसतील तर तारेच्या पुलाकडे निघा. तो साधारण पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

तारेच्या पुलावर

दोन्ही काठांना काँक्रीटमध्ये पक्क्या केलेल्या पोलादी तारा, त्यावर पाय ठेवायला सळ्यांचा अरुंद पट्टा, बाजूंना तारांचा कठडा, आणि पट्ट्याच्या फटींतून खाली दिसणारं हिरवं-निळं पाणी आणि घरांएवढ्या शिळा. गावकऱ्यांचा हा रोजचा रस्ता आहे, शाळेतली पोरंही यावरूनच जातात. आपल्याला घाबरवतं ते त्याचं हलणं. ते समजून घेतलं की भीती निम्मी होते.

असा पूल मध्ये खोल आणि टोकांना उभा असतो. त्यामुळे पहिली पावलं उताराची, शेवटची चढाची. तुम्ही पाय आपटला की त्याची लाट तारेतून पलीकडच्या टोकाला जाते, तिथून उलटून येते आणि तुमच्या पुढच्या पावलाला भेटते. पावलं ठरावीक ठेक्यात पडत राहिली तर लाट वाढत जाते. आणि पूल आडवा डोलायला लागला की माणसं तोल सावरताना नकळत एकाच लयीत चालू लागतात, मग डोलणं आणखी वाढतं. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल जून २००० मध्ये उघडल्यावर दोनच दिवसांत याच कारणाने बंद करावा लागला होता. तो तर मोठ्या अभियंत्यांनी बांधलेला होता.

तेव्हा असं करा:

१. पुलाशी फलक असेल तर त्यावरचा माणसांचा आकडा पाळा. नसेल तर वाटाड्याला विचारा. तोही मोघम बोलला तर एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त नको आणि दोघांत चार-पाच पावलांचं अंतर.

२. समोरून कुणी येत असेल तर सगळे इकडे येईपर्यंत काठावरच थांबा. मध्ये एकमेकांना ओलांडताना दोघंही एकाच कडेला भार देतात आणि पूल तिरका होतो.

३. काठी आडवी काखेत धरा. टेकवत गेलात तर तिचं टोक फटीत अडकतं, तुम्ही पुढे जाता आणि ती मागे राहते. मोबाइल खिशात, चेन बंद.

४. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, तळवा सपाट. पाऊल थोडं तिरपं ठेवा म्हणजे भार एका सळीवर न येता तीन-चार सळ्यांवर वाटला जातो. मुलांच्या लहान पायांसाठी हे फार महत्त्वाचं.

५. हाताने तार धरा, सोडा, पुढे धरा. हात घासत नेऊ नका. जुन्या तारेचा एखादा सुटलेला धागा हुकासारखा वर आलेला असतो आणि तळवा फाडतो. दोन्ही हातांनी तार स्वतःकडे ओढूही नका, त्याने पूल जास्त डोलतो.

६. नजर चार-पाच मीटर पुढे, पट्ट्यावर. खालच्या वाहत्या पाण्याकडे बघत चाललात तर पाणी स्थिर आणि पूलच सरकतोय असं डोळ्यांना वाटतं आणि गरगरतं. पाणी बघायचंच असेल तर उभं राहून, एक हात धरून बघा.

७. मुलाला खांद्यावर घेऊ नका. पुढे एक मोठा, मध्ये मूल, मागे एक मोठा.

कुणी मध्यावर घाबरून थिजलं तर मागून "चला, चला" म्हणू नका. मागचे-पुढचे सगळे जागेवर थांबा. अर्ध्या मिनिटात हालचाल बरीच कमी होते, आणि ती कमी झाली की माणसाचा श्वासही बसतो. त्याला गुडघे वाकवून दोन्ही बाजूंच्या तारा धरू द्या. वाटाड्या त्याच्या दोन पावलं पुढे, पाठ करून उभा राहील. नजर त्या पाठीवर ठेवून दहा-दहा पावलं मोजत जायचं. जे टोक जवळ, तिकडे. पुढे जाण्याचा हट्ट नको.

पूल हलवून गंमत करणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला आधीच सांगून ठेवा. मोरबीच्या झुलत्या पुलावर ऑक्टोबर २०२२ मध्ये १३५ माणसं गेली. जून २०२५ मध्ये आपल्या इंद्रायणीवर, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला. पूल दणकट दिसतो म्हणून त्यावर कितीही माणसं मावतात असं धरून चालणं किती महाग पडतं, ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

पाऊस सुरू असेल, सळ्या ओल्या असतील किंवा वारा तारा वाजवत असेल तर काठावरून पूल बघा आणि परत फिरा.

पलीकडे उतरून नदीत डुंबायचा मोह होईल. हे पाणी इतकं स्वच्छ असतं की खोली कळत नाही. वरून बघणाऱ्याला पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं: चार मीटरचा डोह तीन मीटरचा वाटतो. शिळांवर बुळबुळीत थर असतो. वाटाड्याने दाखवलेल्या उथळ जागी पाय बुडवा, उडी कुठेच नको. वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला तर सामान न गोळा करता आधी वर या.

चढ

परतीला दीड ते दोन तास धरा. नाँगथिम्माईत एक ओआरएस घ्या आणि पोटभर जेवू नका, एखादं केळं किंवा गूळ-शेंगदाणे पुरे. चढाचं गणित सोपं आहे: पन्नास पायऱ्या, मग वीस श्वास उभ्यानेच. बसलात की स्नायू आखडतात आणि पुन्हा उठणं जड जातं, म्हणून बसायचं ते दर अर्ध्या तासाला एकदाच. गटातला सगळ्यांत हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्यामागे. पायरीवर पूर्ण पाऊल ठेवा. नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. गोळा आलाच तर पायाची बोटं स्वतःकडे ओढून पोटरी ताणा आणि दुसरं ओआरएस प्या. छातीत दुखलं, डावा हात भरून आला किंवा थंड घाम फुटला तर चढ तिथेच थांबवा आणि वाटाड्याला गावात माणसं आणायला पाठवा. "वर जाऊन बघू" नको.

कचरा, प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणासकट, आपल्याच पिशवीतून वर आणा. गावात बांबूच्या कचरापेट्या आहेत, पण त्यात टाकलेलं प्लास्टिक शेवटी कुणाच्या तरी पाठीवरूनच वर येतं.

तिर्नाला पोचल्यावर लगेच गाडीत बसू नका. दहा मिनिटं सपाट रस्त्यावर फिरा, मांड्या आणि पोटऱ्या ताणा, कोरडा शर्ट घाला. मांड्यांचं खरं दुखणं दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जोर धरतं आणि साध्या जिन्यावरून उतरतानाही जाणवतं. म्हणून पुढचा दिवस डावकीसारखा गाडीने जाऊन होडीत बसण्याचा ठेवा आणि मावसमाईची गुहा आदल्या दिवशीच उरकून घ्या, कारण तिथे वाकून, पाय उचलून चालावं लागतं.